सायंदैनिकं इंटरनेटमुळे बंद पडली?

"इंटरनेट आलं आणि दुपारची वर्तमानपत्रं संपली," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. तसं वाटणं स्वाभाविक आहे, पण तारखा जुळत नाहीत. अमेरिकेत १९५० साली सुमारे १,४५० सायंदैनिकं होती, सकाळची जेमतेम सव्वातीनशे. वेब सर्वांसाठी खुलं झालं १९९३मध्ये. तोवर शेकडो सायंदैनिकं बंद झाली होती किंवा सकाळी निघू लागली होती. संध्याकाळच्या टीव्ही बातम्यांनी वाचक नेला, शिवाय भर रहदारीत अंक पोचवणं अवघड झालं (पहाटे रस्ते मोकळे असतात). उरलेल्यांच्या छोट्या जाहिराती इंटरनेटने नेल्या, हे मात्र खरं.

पडताळायचं असेल तर ग्रंथालयातल्या जुन्या फायलींत शेवटच्या अंकाची तारीख पाहा. ऑनलाइन शोधून भागत नाही. आधीच बंद पडलेल्यांना संकेतस्थळ कधी नव्हतंच.