आत्मवंचना

स्वतःच स्वतःला फसवायचं आणि फसवतोय हे स्वतःला कळूही द्यायचं नाही, याला आत्मवंचना म्हणतात. साधं खोटं बोलण्यापेक्षा ही गोष्ट वेगळी. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, इथे फसवणारा आणि फसणारा एकच. आता एकाच डोक्यात एकाच वेळी खरं माहीत आहे पण आणि माहीत नाही पण, हे कसं काय जमतं, यावर तत्त्वज्ञांची जुनी भांडणं आहेत. डोनाल्ड डेव्हिडसन म्हणायचे की मनात कप्पे असतात, एका कप्प्यातलं दुसऱ्यात जात नाही. आल्फ्रेड मीली यांचं म्हणणं की असलं दुहेरी ज्ञान लागतच नाही, आपल्याला काय हवंय त्यानुसार पुरावा शोधायची आणि तोलायची पद्धतच वाकडी होते आणि माणूस अगदी प्रामाणिकपणे चुकीच्या ठिकाणी पोचतो. रोजच्या जगण्यात जे दिसतं त्याला मीलींचं उत्तर जास्त लागू पडतं, म्हणून ही नोंद पण त्याच बाजूने झुकलेली आहे.

कसं घडतं

लोकांना वाटतं की माणूस नको असलेलं सत्य बघतच नाही, डोळे मिटून घेतो. तसं क्वचित होतं. बहुतेक वेळा तो बघतो, फक्त हव्या आणि नको असलेल्या गोष्टींना वेगवेगळ्या परीक्षा लावतो. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी हे छान मांडलंय: हवी ती गोष्ट समोर आली की आपण विचारतो ‘हे मानता येईल का?’, आणि नकोशी आली की विचारतो ‘हे मानावंच लागेल का?’ पहिल्या प्रश्नाला एखादा लंगडा पुरावा पण पुरतो. दुसऱ्यातून सुटायला एखादी बारीक शंका पुरते.

१९९२ मध्ये पीटर डिट्टो आणि डेव्हिड लोपेझ यांनी हेच पकडलं. लोकांना एक पट्टी दिली, लाळ लावून बघा म्हणाले, शरीरात अमुक एक द्रव्य कमी आहे का ते रंगावरून कळेल. पट्टी म्हणजे साधा कागद, रंग बदलणारच नव्हता, आणि ते द्रव्य पण बनवून सांगितलेलं. काहींना सांगितलं रंग बदलला नाही तर सगळं ठीक, काहींना सांगितलं रंग बदलला नाही तर गडबड. दुसऱ्या गटातले लोक पट्टी धरून जास्त वेळ बसले, आणि पुन्हा टेस्ट करून बघणारे पण त्यांच्यातच जास्त निघाले. वजनकाट्यावर आपण हेच करतो, आकडा आवडला की खाली उतरतो, नाही आवडला की काटा सरकवून, खिशातला मोबाईल काढून पुन्हा उभं राहतो. बरं, पुन्हा मोजणं यात चूक काहीच नाही, उलट ती चांगली सवय आहे, फक्त ती एकाच बाजूला वापरली की सगळे मिळून आकडे हव्या त्या दिशेला सरकतात आणि एकाही पायरीवर आपण काही गैर केलं असं वाटत नाही.

जॉर्ज क्वाट्रोन आणि एमॉस टव्हर्स्की यांचा १९८४ चा प्रयोग याच्या पुढचा. लोकांना थंडगार पाण्यात हात सहन होईल तितका वेळ धरायला लावला, मग व्यायामाची सायकल चालवायला लावली. मधे सांगितलं की व्यायामानंतर हात किती वेळ टिकतो यावरून तुमचं हृदय कुठल्या प्रकारचं ते कळतं. काहींना म्हणाले जास्त टिकला तर हृदय चांगलं, काहींना म्हणाले कमी टिकला तर चांगलं. दुसऱ्यांदा हात घातल्यावर बहुतेकांचा वेळ हव्या त्याच दिशेला सरकला, जसं काही हात बाहेर काढायची वेळ बदलली की आतलं हृदयच बदलणार होतं. मुद्दाम केलंत का म्हणून विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणाले. आणि जे नाही म्हणाले, त्यांचा आपलं हृदय ठणठणीत असल्यावर विश्वास पण जास्त होता.

सगळाच आंधळेपणा असा हवं-नको मधून येतो असं नाही. सायमन्स आणि शाब्री यांच्या १९९९ च्या प्रयोगात बॉलचे पास मोजण्यात गुंतलेल्या साधारण निम्म्या लोकांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसलाच नाही, ती लक्षाची मर्यादा आहे, तिला आत्मवंचना म्हणू नये. लोक सरसकट म्हणतात.

रोजच्या जगण्यात

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते मोजून बघितलेलं पण आहे. १९८१ मध्ये ऊला स्वेन्सन यांनी ड्रायव्हर लोकांना आपलं कौशल्य इतरांच्या तुलनेत कुठे बसतं ते विचारलं. अमेरिकन गटात ९३ टक्के आणि स्वीडिश गटात ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं.

घरकामाचं प्रकरण जास्त मजेशीर. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं की अमुक कामात तुमचा वाटा किती, आणि दोघांचे वाटे जोडले की बेरीज १०० टक्क्यांच्या वर जायला लागली. इथपर्यंत ठीक, अहंकार म्हणून सोडून देता येईल. पण भांडण सुरू करण्यासारख्या वाईट गोष्टीत पण लोक स्वतःचा वाटा जास्तच सांगत होते! म्हणजे हा नुसता गर्व नाही. आपण केलेलं काम आपल्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवतं, कंटाळ्यासकट, आणि दुसऱ्याने केलेलं काम आपल्यासाठी फक्त झालेलं असतं, कधी झालं ते पण दिसत नाही. त्यामुळे ‘मीच सगळं करतो’ म्हणणारा बऱ्याचदा खोटारडा नसतो, त्याच्याकडे असलेल्या हिशोबात खरंच तसं लिहिलेलं असतं.

सत्य मान्य करण्याची किंमत जितकी मोठी तितकी ही पकड घट्ट. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरी अनेक मोठे डॉक्टर मानेनात. झेमेलवाइस यांनी पुस्तक काढलं ते १८६१ मध्ये, मांडणी पण भांडखोर होती, त्यामुळे सगळा दोष विरोधकांवर ढकलणं बरोबर नाही. पण मान्य करायचं म्हणजे आजवर आपल्याच हातांनी बायका मेल्या हे मान्य करणं होतं, आणि ते ओझं कुणाला घ्यायचं असणार.

हुशारी कामाला येत नाही

रने ब्लोंदलो हे फ्रान्समधल्या नान्सीचे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ, काही कच्चा माणूस नाही. १९०३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आपल्याला नवीन किरण सापडलेत, नाव ठेवलं एन-किरण. हे किरण ओळखायचे कसे, तर अंधाऱ्या खोलीत बसून एखादी मंद ठिणगी किंवा पडदा किंचित जास्त उजळला का ते डोळ्यांनी बघायचं. बघता बघता इतर अनेकांना पण ते दिसायला लागले, पेपरवर पेपर निघाले, पण बाहेरच्या कितीतरी प्रयोगशाळांत काहीच दिसेना. १९०४ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वुड स्वतः बघायला गेले. किरण वेगळे करणारा अ‍ॅल्युमिनियमचा प्रिझम त्यांनी अंधारात गुपचूप काढून घेतला. समोर मोजमाप चालूच राहिलं, आकडे आधीसारखेच येत राहिले. त्या खोलीत लबाडी कुणी केली असेल तर ती फक्त वुडने.

ब्लोंदलो खोटं बोलत नव्हते, म्हणूनच त्यांनी स्वतःला तपासलं असतं तरी काही सापडलं नसतं. एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी २००२ मध्ये दाखवलं की लोक पूर्वग्रह इतरांमध्ये जास्त आणि स्वतःमध्ये कमी बघतात. प्रोनिन यांचं स्पष्टीकरण असं की दुसऱ्याला आपण त्याच्या वागण्यावरून जोखतो आणि स्वतःला आत डोकावून, मनात पक्षपात करायचा हेतू सापडत नाही म्हणजे पक्षपात नाही असं धरून चालतो. पण पक्षपात हेतूच्या रूपात आत बसलेलाच नसतो. २०१२ मध्ये वेस्ट, मेझर्व्ह आणि स्टॅनोविच यांना तर बुद्धीच्या चाचण्यांत वरचढ असलेल्यांमध्ये पण हा आंधळा कोपरा कमी झालेला दिसला नाही. चांगलं डोकं चांगली कारणं शोधून देतं, कशासाठी शोधायची ते दुसरंच काहीतरी ठरवतं.

हे सगळं माणसात आलंच का, यावर जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांची १९७६ पासूनची एक कल्पना प्रसिद्ध आहे: स्वतः फसलेला माणूस दुसऱ्याला जास्त सफाईने फसवतो, चेहऱ्यावर चोरी दिसत नाही. ऐकायला पटते, सिद्ध करणं अवघड आहे.

उपाय

निःपक्ष राहा असं सांगून फरक पडत नाही, हे पण तपासलेलं आहे. चार्ल्स लॉर्ड, मार्क लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी १९८४ मध्ये फाशीच्या शिक्षेवर ठाम मत असलेल्यांना संशोधनं वाचायला दिली. निष्पक्षपणे वाचा असं बजावलेले लोक पण आपल्याच बाजूला झुकले. पण हाच अभ्यास याच पद्धतीने झाला असता आणि निष्कर्ष उलटा आला असता, तर तुम्ही त्याला इतकंच चांगलं किंवा वाईट म्हणाला असता का, असा विचार करायला लावल्यावर झुकाव कमी झाला.

बाकी जे उपाय टिकलेत त्यात पण माणसाच्या सज्जनपणावर काही सोडलेलं नसतं. औषधांच्या चाचणीत खरी गोळी कुणाला दिली ते डॉक्टरला पण कळू देत नाहीत. कणभौतिकीत कधीकधी उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवतात आणि हिशोबाची पद्धत पक्की झाल्यावरच तो काढतात, म्हणजे अपेक्षित उत्तर आलं म्हणून चुका शोधणं थांबवायची सोयच राहत नाही. डार्विन आपल्या मताविरुद्धची गोष्ट दिसली की लगेच लिहून ठेवायचे, कारण अशा गोष्टी मनातून जास्त लवकर निसटतात असा त्यांचा अनुभव होता. यातलं घरी जमण्यासारखं म्हणजे हेच शेवटचं, एखादा निर्णय घेताना काय होईल असं वाटतंय ते तारखेसकट लिहून ठेवणं, कारण बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवल्याप्रमाणे निकाल कळला की ‘मला आधीच वाटलं होतं’ असं सगळ्यांनाच वाटायला लागतं, आणि कागद नसेल तर तपासणार कशावरून.