गाव जोडलं, वाड्या राहिल्या : कोकणातल्या रस्त्यामागचा आकड्यांचा घोळ

कोकणात एखाद्या वाडीला रस्ता का नाही विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, लोकसंख्याच नाही ना तेवढी. पण लोकसंख्या कोणाची, गावाची की वाडीची, आणि कुठल्या सालची, हे कोणी सांगत नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

जुनं थोडक्यात. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली एसटी सुटली, पुढे गाड्या खेडोपाडी गेल्या, ७२ च्या दुष्काळात घाटावर लोकांनी खडी फोडून रस्त्यांची कामं केली. आमच्याकडे बराच काळ पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आणि ओढ्यावरचा छोटा साकव एवढंच. आणि डांबरी आली तरी ती बहुतेक शाळा-ग्रामपंचायतीच्या वाडीपर्यंतच, रात्रीची वस्तीची गाडीही तिथेच थांबायची.

मग २५ डिसेंबर २००० ला पंतप्रधान ग्रामसडक योजना आली. तिचं एक मान्यच करायला हवं, तिने महसुली गाव, म्हणजे सरकारी दप्तरातलं सगळ्या वाड्यांचं मिळून एक गाव, नाही तर वस्ती हे एकक धरलं, म्हणजे कागदावर आमची वाडी पहिल्यांदा मोजली गेली. अट अशी की २००१ च्या जनगणनेनुसार सपाटीवर ५०० आणि डोंगरी राज्यं, वाळवंट, अनुसूचित क्षेत्र इथे २५० लोकवस्ती. आता यातला 'डोंगरी' हा शब्द नीट वाचा. डोंगरी राज्यं म्हणजे हिमाचल, उत्तराखंड, ईशान्येकडची वगैरे. सह्याद्रीच्या कुशीतली वाडी कितीही चढावर असू दे, महाराष्ट्र काही त्या यादीत नाही, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग अनुसूचित क्षेत्रातही येत नाहीत. म्हणजे अट ५०० चीच. तीनशे माणसांची वाडी पालघरच्या आदिवासी पट्ट्यात असती तर बसली असती, रत्नागिरीत नाही बसत. हा निर्णय मला आजही पटत नाही. चढ तोच, पाऊस तोच, आजारी माणसाला डोलीत घालून चौघं खांद्यावर पाखाडी उतरतात तेव्हा पाय घसरायची भीतीही तीच.

दुसरी अट अंतराची. बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत वस्ती असली तर ती 'जोडलेली' धरायची. नकाशावर अर्धा किलोमीटर काहीच नाही, पण जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून गॅसचा सिलेंडर डोक्यावर घेऊन चढलं की कळतं 'जोडलेली' म्हणजे काय. आजूबाजूच्या वस्त्या एकत्र धरून ५०० भरवायची सोय होती, पण तीही जवळजवळच्या वस्त्यांनाच, आणि आमच्या वाड्या म्हणजे एक या डोंगराला, दुसरी वहाळापलीकडे, ओढ्याच्या पार.

२०२४ मध्ये चौथा टप्पा मंजूर झाला, आता आधार २०११ ची जनगणना. बाकी ठिकाणी लोकसंख्या वाढल्यामुळे नव्या वस्त्या अटीत आल्या, चांगलंच झालं. इकडे उलटं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गचीही घटली. म्हणजे ज्या वाडीत तेव्हा पाचशेला थोडीच माणसं कमी होती ती आता आणखी लांब गेली. रस्ता नाही म्हणून पोरं मुंबईला जातात आणि माणसं कमी झाली म्हणून रस्ता येत नाही, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

त्यात शिरगणती फेब्रुवारीत होते. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी होती आणि त्या वर्षी शिमगा आला मार्चमध्ये. चाकरमानी तसाही मुंबईतच मोजला जातो, पण गणपतीत प्रत्येक घरात दिवा असणारी वाडी फेब्रुवारीत निम्मी कुलुपबंद दिसते. पुढची गणना १ मार्च २०२७ च्या संदर्भाने व्हायची आहे, म्हणजे परत फेब्रुवारीच.