बॅकअप झाला, पण कशाचा?

बॅकअपच्या प्रोग्रामने ‘यशस्वी’ अशी हिरवी खूण दाखवली की आपण निर्धास्त होतो. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की जे वाचलं ते उतरवून घेतलं. वाचलेलं मुळात बरोबर होतं का, हे कुणी तपासलेलंच नसतं.

बंद पडलेली डिस्क निदान बोंब तरी मारते. खरा धोका चालू डिस्कचा. ती चुकीचा मजकूर देते आणि वर ‘सगळं ठीक’ म्हणते. इंग्रजी ‘ए’ हे अक्षर संगणकात ६५, म्हणजे ०१०००००१ असं असतं. त्यातला एकच बिट, म्हणजे एक ० किंवा १, उलटला की ६७ होतात, म्हणजे ‘सी’. पत्रात एवढं खपून जाईल. झिप फाइलमध्ये तेवढ्यानेच पुढचं सगळं वाचता येईनासं होऊ शकतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५.३ लाख डिस्कवर ४१ महिने लक्ष ठेवलं होतं. चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) न जुळल्याच्या घटना सापडल्या ४ लाखांहून जास्त!

असं काही घडलं की वैश्विक किरणांवर खापर फोडायची हौस अनेकांना असते. किरणांमुळे मेमरीतला बिट उलटतो हे खरं आहे, पण सदोष मेमरी किंवा डिस्कच्या फर्मवेअरमधली (डिस्कच्या आतच बसवलेल्या प्रोग्राममधली) चूक आधी तपासावी. आकाशाकडे नंतर बघता येईल.

आता चेकसम. ४, ७, २ यांची बेरीज १३. पण ७, ४, २ यांचीही १३च, म्हणजे अदलाबदल सुटली. प्रत्येक आकड्याला त्याच्या क्रमांकाने गुणून बेरीज केली, तर पहिली येते २४ आणि दुसरी २१. चोर सापडला. एसएचए-२५६ हा याच घराण्यातला फार पुढचा वंशज: फाइल केवढीही असो, तिचा ठसा, म्हणजे चेकसम, २५६ बिटांचा, आणि एक बिट बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो.

पण ठसा ठेवायचा कुठे? मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. समजा, डिस्कने ‘लिहिलं’ असं सांगितलं आणि प्रत्यक्षात लिहिलंच नाही. ठसा मजकुराच्या शेजारीच असेल तर जुना मजकूर आणि जुना ठसा एकमेकांशी छान जुळतात. दोन्ही साक्षीदार एकाच घरातले! म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएस या डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेने (२००५) ठसा वरच्या ब्लॉकमध्ये (डेटाच्या तुकड्यात) ठेवला, म्हणजे जो या ब्लॉकचा पत्ता सांगतो त्याच्यात. त्याचा ठसा त्याच्याही वरच्यात, असं थेट मुळापर्यंत. संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये मांडलेलं ठशांचं झाड ते हेच. खालचा ब्लॉक जुनाच राहिला तर वरचा म्हणतो, ‘मी हा ठसा नोंदवलेला नाही.’ आणि मुळाचंच लिखाण हरवलं तर? मग अख्खं झाड जुनं, पण आपसात जुळणारं. ती चूक झाडाला आतून दिसत नाही.

तुमच्या डिस्कवर असं झाड नसेल तरी एक युक्ती आहे. आरसिंकसारखं फाइलींच्या प्रती काढणारं साधन एरवी फाइलचा आकार आणि बदलाची तारीख एवढंच बघतं. सडलेल्या, म्हणजे आपोआप बिघडलेल्या फाइलचं दोन्ही तसंच राहतं, त्यामुळे ती त्याच्या नजरेतून सुटते. तुम्ही मात्र ठशांची यादी वेगळी ठेवा. तारीख आणि ठसा दोन्ही बदलले असतील तर बहुधा कुणीतरी फाइल संपादित केली. तारीख तीच आणि ठसा निराळा, तर संशय घ्या. (काही प्रोग्राम मजकूर बदलूनही तारीख जुनीच ठेवतात, म्हणून फक्त संशय.)

बॅकअपची प्रतही वाचावी लागते. एकसारखे तुकडे एकदाच साठवणाऱ्या पद्धतीत एक तुकडा सडला की तो वापरणाऱ्या सगळ्या जुन्या आवृत्त्या एकदम जातात. अशाच पद्धतीच्या रेस्टिक या बॅकअप प्रोग्रामला नुसतं ‘चेक’ म्हटलं तर ते मुख्यतः रचना तपासतं. साठवलेला डेटा वाचून बघायला वेगळं सांगावं लागतं. सगळा एकदम वाचणं जड जात असेल तर दर आठवड्याला दहावा हिस्सा वाचता येतो. दहा आठवड्यांत फेरी पूर्ण. बिघाड सापडला तर चांगला तुकडा आणायचा दुसऱ्या प्रतीवरून, कारण ठशावरून मूळ मजकूर परत बनवता येत नाही.