किल्ली फिरते, इंजिन गप्प : आऊटबोर्डच्या स्विच वायरिंगमधला दोष शोधताना

ठाणे खाडीत ओहोटीला पाणी भराभर उतरतं आणि दोन्ही काठांचा गाळ उघडा पडतो. ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहायला निघालेली बोट असो की दिवाळे गावची मासेमारीची होडी, अशा वेळी आऊटबोर्ड इंजिनाचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाचा, सेल्फ (स्टार्टर मोटर) लागला नाही तर बोट गाळात बसते आणि पुढची भरती येईपर्यंत हलत नाही. मग काठावर आल्यावर पहिला सल्ला मिळतो, ‘किल्लीचा स्विच बदला.’ नवा स्विच बसतो, चार दिवस इंजिन नीट चालतं आणि पुन्हा तोच त्रास सुरू होतो. कारण बहुतेक वेळा दोष स्विचच्या पोटात नसून त्याच्या मागच्या एखाद्या जोडात असतो. स्विच बदलताना तो जोड हलतो, घासला जातो आणि तात्पुरता सुधारतो, एवढंच.

जोड खराब होतो तो मिठामुळे. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट चांगलं वीजवाहक असतं, पण खरी पंचाईत पाणी सुकल्यानंतर होते. मागे राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. शुद्ध मीठ सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेला ओलं होऊन विरघळू लागतं, आणि समुद्रमिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांनाच. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस याच्या वरच असते, त्यामुळे एकदा खारं पाणी लागलेला जोड पूर्ण असा सुकतच नाही. त्यातून बॅटरीची लाल वायर फ्यूजमधून स्विचपर्यंत कायम चालू असते. दोन टर्मिनलांमधल्या खारट ओलीतून बारीक प्रवाह वाहत राहतो आणि धन टर्मिनलाचं तांबं हळूहळू विरघळतं. म्हणूनच स्विच उघडला की सगळ्यांत जास्त हिरवा गंज बॅटरीच्या टर्मिनलावर दिसतो. वायरच्या बारीक तारांमधून हे पाणी इन्सुलेशनच्या आतही चढत जातं. वरून धडधाकट दिसणारी वायर टोकापासून वीतभर सोलली तरी आत काळी निघू शकते.

आता मल्टीमीटर लावायचा, पण तो फसवतो कसा ते आधी समजून घेऊ. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम असतो, म्हणजे तो जवळजवळ प्रवाह घेतच नाही. वायरच्या शंभर तारांपैकी एकच तार शिल्लक असली, किंवा जोडात गंजामुळे हजार ओहमचा रोध आला असला, तरी मीटर ऐटीत 12.6 व्होल्ट दाखवतो. सोलेनॉइडचं, म्हणजे किल्लीच्या बारीक प्रवाहावर सेल्फला मोठा प्रवाह जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचचं, तसं नाही. समजा त्याच्या कॉइलचा रोध 3 ओहम आहे. 12 व्होल्टला ती 4 अँपिअर घेईल. वाटेत गंजाचा फक्त 1 ओहम वाढला की एकूण रोध 4 ओहम होतो, प्रवाह 3 अँपिअरवर येतो, 3 व्होल्ट त्या गंजातच खर्ची पडतात आणि कॉइलला उरतात 9. सेल्फ फिरू लागला की बॅटरीचा दाबही उतरतो, आणि मग सोलेनॉइड नुसतं कटकट करत राहतं. म्हणून नियम एकच: व्होल्टेज मोजायचं ते किल्ली ‘स्टार्ट’वर धरून, भार चालू असताना.

सुरुवात बॅटरीपासून करावी. थोडा वेळ विसावलेली, पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास असते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना दाब 9.6 व्होल्टच्या खाली गेला तर आधी बॅटरी आणि तिचे पोल पाहा. विंग नटाने (दोन पंख असलेल्या नटाने) हाताने आवळलेले लग, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या, खाडीच्या लाटांनी सैल होतात. तिथे षटकोनी नट आणि स्प्रिंग वॉशर हवा.

त्यानंतर आवाज ऐका. सोलेनॉइड ठसक्यात ‘टक’ वाजतं पण सेल्फ फिरत नाही, तर दोष जाड केबलींमध्ये, सोलेनॉइडच्या मोठ्या संपर्कांमध्ये किंवा खुद्द सेल्फमध्ये आहे. आवाजच येत नसेल तर बारीक वायरींची साखळी तपासायची: फ्यूज (बऱ्याच इंजिनांना 20 अँपिअरचा), किल्लीचा स्विच, न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलमध्ये असेल तरच सेल्फ लागू देणारा), सोलेनॉइडचं लहान टर्मिनल. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर वेगळाच प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊ.

साखळी तपासण्याची रीत अशी. बोट बांधलेली, गिअर न्यूट्रलमध्ये, प्रोपेलरजवळ कोणी नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते, म्हणून ठिणगी पडण्याआधी झाकणं उघडून वारा खेळू द्यावा. किल स्विचच्या, म्हणजे चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचच्या, दोरीची क्लिप काढून ठेवली की बहुतेक इंजिनांत सेल्फ फिरतो पण प्लगला ठिणगी मिळत नाही, आणि मोजमाप निवांत करता येतं. काही इंजिनांत क्लिप काढल्यावर सेल्फही बंद होतो; तिथे ती लावावीच लागते, आणि मग इंजिनाला थंडाव्याचं पाणी मिळतंय याची खात्री करावी.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या धन पोलवर, काळा सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर. किल्ली न फिरवता इथे सुमारे 12 व्होल्ट दिसतील, कारण काळा प्रोब कॉइलमधून अर्थला (बॅटरीच्या ऋण पोलला) पोहोचलेला असतो. त्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. साथीदाराला किल्ली ‘स्टार्ट’वर धरायला सांगा आणि तेव्हाचा आकडा वाचा. अर्ध्या व्होल्टपर्यंत असेल तर वाट चांगली आहे. 2-3 व्होल्ट दिसले, तर लाल प्रोब तिथेच ठेवून काळा एकेक पायरी मागे न्या: न्यूट्रल स्विचनंतर, न्यूट्रल स्विचआधी, किल्लीच्या स्विचचं एस (स्टार्ट) टर्मिनल, बी (बॅटरी) टर्मिनल, मग फ्यूजची दोन्ही टोकं. दर वेळी किल्ली फिरवून वाचायचं. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम घसरला, दोष नेमका त्यांच्यामध्ये. एस जवळ 2.8 आणि बी जवळ 0.3 आला तरच स्विच दोषी. तेव्हा खुशाल बदला. धन बाजू चांगली निघाली तर सोलेनॉइडच्या दुसऱ्या लहान टर्मिनलपासून बॅटरीच्या ऋण पोलपर्यंत हेच करा. अर्थिंगचा जोड नजरेआड असतो आणि म्हणूनच विसरला जातो.

आता पेटत नसलेलं इंजिन. गाडीत किल्ली बंद केली की वीज तुटते. मॅग्नेटो (फिरत्या इंजिनावर ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र) किंवा सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) प्रकारच्या आऊटबोर्डमध्ये याच्या अगदी उलट घडतं: इंजिन बंद करण्यासाठी स्टॉपची वायर अर्थला जोडली जाते. म्हणून किल्ली बंद असताना स्विचची दोन एम टर्मिनलं (एक स्टॉपच्या वायरीचं, दुसरं अर्थचं) आपसात जोडलेली, तर चालू असताना सुटी असतात. स्टॉपची वायर कुठे तुटली तर इंजिन बंदच होत नाही. कुठे घासून अर्थला लागली तर ठिणगीच येत नाही. अर्धवट ओलीतून गळती झाली तर इंजिन पावसात मिसफायर करतं आणि ऊन पडलं की सुधारतं. मोटारीचा किंवा रिक्षाचा स्विच इथे चालत नाही तो याच कारणाने.

पडताळणी सोपी आहे. इंजिनाजवळ स्टॉपची वायर कनेक्टरमधून सोडवा आणि ठिणगी पाहा. आली, तर दोष पुढच्या वायरीत, किल्लीत किंवा दोरीच्या स्विचमध्ये. नाही आली, तर वायरिंग निर्दोष, सीडीआय किंवा ठिणगीच्या कॉइलकडे वळा. दोरीने ओढून सुरू होणाऱ्या लहान इंजिनांत तर विजेचा पसारा जवळजवळ एवढाच असतो. मात्र वायर सोडवलेली असताना इंजिन सुरू झालं, तर ते चोक ओढून किंवा पेट्रोलची नळी काढूनच बंद करावं लागेल. आणि ती वायर हाताने धरू नका. तिच्यावर शेकडो व्होल्टचे ठोके असू शकतात.

रंगांमुळे होणारा घोटाळा महागात पडतो. यामाहामध्ये लाल बॅटरी, पिवळी चालू वीज, तपकिरी स्टार्ट, पांढरी स्टॉप, काळी अर्थ. मर्क्युरीच्या बऱ्याच इंजिनांत जांभळी चालू वीज, पिवळी-लाल स्टार्ट आणि काळी-पिवळी स्टॉप असते. ही काळी-पिवळी अर्थ समजून गेजला जोडली जाते, किंवा घराच्या वायरिंगची सवय असलेला मिस्त्री पांढरीला वीज देऊन बघतो. स्टॉपच्या वायरीला बॅटरीचे 12 व्होल्ट लागले की सीडीआय जळू शकतो, आणि तो या सगळ्यांतला सर्वांत महाग भाग आहे. जोडण्याआधी तुमच्या मॉडेलचा वायरिंग नकाशा मिळवाच. इंधन-इंजेक्शनच्या नव्या इंजिनांत संगणक मध्ये असतो. तिथे नकाशाशिवाय प्रोबही लावू नये.

जोड दुरुस्त करताना वायर लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे कापा. काळ्या तारांवर कितीही दाबून लग बसवला तरी तो टिकत नाही. कलई केलेल्या तांब्याची, बहुतारी, 2.5 चौरस मिलिमीटरची वायर स्विचच्या साखळीला पुरते; घरातली वायर वापरू नये, तिच्या तारांना कलई नसते. लग योग्य पक्कडीने क्रिम्प करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी गरम करून बसवा, कडेने गोंद बाहेर येईपर्यंत. नुसतं सोल्डर केलं तर सोल्डर संपतो तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने तिथेच तुटते. न्यूट्रल स्विच खराब निघाला तर दोन वायरी पिळून त्याला वगळण्याचा मोह होतो, पण गिअरमध्ये सेल्फ लागला तर बोट उडी घेते आणि उभा माणूस पाण्यात पडतो, प्रोपेलरशेजारी.

काम झालं की बोट बांधलेली असतानाच तीन गोष्टी पाहा. क्लिप ओढल्यावर चालू इंजिन लगेच बंद होतं का. पुन्हा सुरू करून किल्लीनेही बंद होतं का. आणि इंजिन बंद असताना, क्लिप काढून, गिअर टाकल्यावर ‘स्टार्ट’ला सेल्फ मुका राहतो का. यातली एक जरी चुकली तरी बोट धक्क्यावरून सोडू नका.