बहुभाषिक मजकुराची आयात आणि एन्कोडिंगचा प्रश्न: पार्श्वभूमी

दुसरीकडे टंकलेला बहुभाषिक मजकूर अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणला की त्यातली अक्षरे बिघडतात, याचे मूळ एका जुन्या उणिवेत आहे: साध्या मजकुराच्या फाइलमध्ये केवळ बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले अंक असतात, ते कोणत्या एन्कोडिंगने, म्हणजे कोणता अंक कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या कोणत्या तक्त्याने, वाचायचे याची नोंद नसते. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आस्की या सात बिटांच्या एन्कोडिंगमध्ये १२८ संकेत होते. इंग्रजीपुरते ते पुरत असल्याने ही उणीव फारशी जाणवली नाही.

पुढे बाइटमधल्या आठव्या बिटाच्या वापरामुळे आणखी १२८ जागा मोकळ्या झाल्या आणि प्रत्येक भाषासमूहाने त्या आपापल्या परीने भरल्या. आयएसओ ८८५९ या मानकमालिकेत २३३ हा एकच बाइट पश्चिम युरोपीय भागात आघातचिन्ह असलेला ‘ई’, ग्रीक भागात ‘आयोटा’, तर हिब्रू भागात ‘योद’ ठरतो. या तिन्ही लिपी एकाच फाइलमध्ये मावणे अर्थातच शक्य नव्हते.

देवनागरीची स्थिती याहून बिकट होती. १९९१ चे इस्की हे भारतीय लिपींच्या एन्कोडिंगचे मानक उपलब्ध असूनही छपाईसाठीच्या अनेक फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे आकार बसवले, आणि मजकुराचा अर्थ फॉन्टच्या नावावर अवलंबून राहिला.

डोनाल्ड क्नुथ यांचे टेक हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आठ बिटांचे संकेत वाचू लागले. त्यावर आधारलेल्या लाटेकमध्ये दस्तऐवजाच्या आरंभीच एन्कोडिंग जाहीर करण्याची सोय पुढे आली. सॉफ्टवेअरला अंदाज बांधायला लावण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच अधिक भरवशाचा आहे.

१९९१ मध्ये युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या सामाईक संकेतसंचाची पहिली आवृत्ती निघाली आणि १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी त्याचे संकेत बाइटांत साठवणारे यूटीएफ-८ हे एन्कोडिंग रचले. त्यात ‘क’ हे अक्षर २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांत साठवले जाते. आयात करताना विंडोज-१२५२ हे पश्चिम युरोपीय भाषांचे एन्कोडिंग निवडले गेले, तर याच बाइटांचे आघातचिन्ह असलेला ‘ए’, चलनाचे चिन्ह आणि जाड ठिपका असे तीन तुकडे दिसतात. बाइट मात्र शाबूत असतात, म्हणून योग्य एन्कोडिंग निवडून मूळ फाइल पुन्हा आणली की मजकूर सुधारतो. लाटेकने २०१८ मध्ये यूटीएफ-८ हेच गृहीत एन्कोडिंग केले.

जुन्या फॉन्टांतल्या मजकुराला हा उपाय लागू पडत नाही. त्याचे फॉन्टनिहाय रूपांतर आयातीपूर्वीच करावे लागते, आणि त्यासाठी मूळ फाइलमधली फॉन्टची माहिती जपावी लागते. कारण तीच फाइल साधा मजकूर म्हणून साठवली, तर देवनागरीचा परिच्छेद कुठे संपतो आणि खरी इंग्रजी कुठे सुरू होते, हे बाइटांवरून ओळखण्याची खात्रीची सोय उरत नाही.