श्रेणीबद्ध ट्रॅफिक शेपिंग

नेटवर्कच्या एका लिंकची बँडविड्थ अनेक वापरकर्त्यांत, विभागांत किंवा सेवांत ठरलेल्या प्रमाणात वाटून देण्याची आणि ती वाटणी पाळली जाईल अशा बेताने पॅकेट्स (माहितीचे छोटे तुकडे) थोपवून सोडण्याची पद्धत. वाटेकऱ्यांची मांडणी झाडासारखी असते: मुळाशी संपूर्ण लिंक, तिच्याखाली मोठे वाटेकरी, त्यांच्याखाली पोटवाटेकरी आणि टोकाच्या पानांवर प्रत्यक्ष पॅकेट्सच्या रांगा. झाडातल्या प्रत्येक घटकाला वर्ग म्हणतात. प्रत्येक वर्गाला किमान दराची हमी असते, दुसऱ्या वर्गाने न वापरलेला वाटा त्याला उसना घेता येतो, आणि उसना वाटा आधी कोणाला मिळायचा हे झाडाच्या आकारावरून ठरते. साध्या शेपिंगपासून ही पद्धत वेगळी पडते ती मुख्यतः या उसनवारीच्या क्रमामुळे.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनेत राउटरकडे एकच रांग असे आणि जे पॅकेट आधी आले ते आधी बाहेर पडे. अशा रांगेत जो जास्त पाठवतो त्यालाच जास्त मिळते आणि सबुरीने वागणारा मागे राहतो. जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये आरएफसी ९७० या टिपणात हा दोष दाखवला आणि प्रत्येक स्रोताला स्वतंत्र रांग देऊन आळीपाळीने एकेक पॅकेट सोडावे असा उपाय सुचवला. मात्र पॅकेट्स मोजली की मोठी पॅकेट्स पाठवणाऱ्याचा फायदा होतो. ॲलन डिमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या फेअर क्यूइंगमध्ये म्हणून पॅकेट्सऐवजी बिट्सचा हिशेब धरला गेला. त्याचे गणित वेगवान राउटरला जड जाई. १९९५ च्या डेफिसिट राउंड रॉबिन या पद्धतीने प्रत्येक रांगेला दर फेरीला ठरावीक बाइट्सचा शिधा देऊन आणि वापरायचा राहिलेला शिधा पुढच्या फेरीसाठी जमा धरून तेच काम अगदी थोड्या खर्चात साधले. आजच्या बहुतेक अंमलबजावण्यांच्या पोटात हीच युक्ती किंवा तिचे एखादे भावंड असते.

या सर्व पद्धती सपाट आहेत: सगळ्या रांगा एकाच पातळीवर, एकमेकींच्या बरोबरीने. त्या समान वाटणी करतात, पण समान म्हणजे कोणाकोणांत समान, हा प्रश्न त्या विचारत नाहीत. तो प्रश्न किती खरा आहे हे एका छोट्या हिशेबावरून दिसेल. समजा, एखाद्या संस्थेच्या १०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) लिंकवर प्रशासनाला ४०, संशोधन विभागाला ४० आणि वसतिगृहाला २० असा वाटा ठरला आहे, आणि संशोधन विभागाने आपल्या ४० पैकी १० व्हिडिओ कॉलसाठी व ३० बॅकअपसाठी राखले आहेत. सर्वांची मागणी भरपूर आहे तोवर सपाट वाटणी आणि झाडाची वाटणी यांत काडीचाही फरक दिसत नाही. फरक दिसतो तो बॅकअप संपल्यावर. सपाट वाटणीत मोकळे झालेले ३० एमबीपीएस उरलेल्या तिघांत ४:१:२ या प्रमाणात जातात, म्हणजे प्रशासनाला सुमारे १७, वसतिगृहाला सुमारे ९ आणि ज्या विभागाने जागा मोकळी केली त्याच्याच कॉलना जेमतेम ४. झाडाच्या वाटणीत ती जागा आधी घरातच फिरते. कॉलना आणखी १२ हवे असतील तर ते पूर्ण मिळतात आणि उरलेले १८ वरच्या पातळीवर जाऊन प्रशासन व वसतिगृह यांत २:१ प्रमाणे, म्हणजे १२ आणि ६ असे, विभागले जातात. बॅकअप पुन्हा सुरू झाला की उसने दिलेले आपोआप परत येते, त्यासाठी कोणाला मागणी करावी लागत नाही. गणित दोन्हीकडे तितकेच बिनचूक आहे. न्याय कशाला म्हणायचे हे झाड आखणाऱ्याने ठरवलेले असते, अल्गोरिदम फक्त ते पाळतो.

सीबीक्यू ते एचटीबी

या कल्पनेला नेमके रूप सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९५ च्या लिंक-शेअरिंगवरील शोधनिबंधात दिले. त्यांची क्लास बेस्ड क्यूइंग, म्हणजेच सीबीक्यू, ही पद्धत लिनक्समध्ये आणि केंजिरो चो यांच्या ऑल्टक्यू या रांग-यंत्रणेमार्फत बीएसडी प्रणालींमध्ये रुजली. सीबीक्यूचा कच्चा दुवा मोजमापात होता. वर्ग आपल्या दराच्या पुढे गेला आहे की मागे, हे ती दोन पॅकेट्समधल्या रिकाम्या वेळेच्या सरासरीवरून ताडत असे, आणि त्यासाठी लिंकचा खरा वेग व पॅकेटचा सरासरी आकार तिला आधी सांगावा लागे. ही मूल्ये चुकली की दरही चुकत, आणि प्रत्यक्षात ती बरोबर माहीत असणे विरळाच.

मार्टिन देवेरा यांनी या कटकटीला पर्याय म्हणून हायरार्किकल टोकन बकेट, म्हणजेच एचटीबी, लिहिली आणि २००२ मध्ये ती लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) २.४.२० या आवृत्तीत दाखल झाली. सीबीक्यू मात्र त्यानंतरही वीस वर्षे कर्नलमध्ये होती. ती २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली.

एचटीबी रिकामा वेळ मोजत बसत नाही, टोकन (पाठवण्याचे परवाने) मोजते. प्रत्येक वर्गाकडे दोन बादल्या असतात. एकीत हमीच्या दराने टोकन पडत राहतात, दुसरीत कमाल दराने, आणि दोन्हींना काठ असल्यामुळे ठरावीक साठ्यापलीकडचे टोकन वाया जातात. १० एमबीपीएस हमीच्या वर्गाला १५०० बाइट्सचे एक पॅकेट सोडण्याइतके, म्हणजे १२,००० बिट्सचे, टोकन जमायला १.२ मिलिसेकंद लागतात. पहिल्या बादलीत शिल्लक असेल तर वर्ग हिरवा असतो आणि स्वतःच्या हक्कावर पाठवतो. पहिली आटली पण दुसरीत शिल्लक आहे, तर तो पिवळा होतो आणि पालकाकडे उसने मागतो. पालकही पिवळा असेल तर मागणी आजोबाकडे जाते. दुसरीही आटली तर वर्ग लाल होतो आणि वेळ भरेपर्यंत थांबतो. शेड्युलर (पुढचे पॅकेट निवडणारा भाग) आधी स्वतःच्या हक्कावर पाठवू शकणाऱ्या पानांना वाव देतो, मग एकेक पातळी वर सरकतो, आणि एकाच पातळीवर एकाच प्राधान्याचे अनेक इच्छुक असतील तर त्यांच्यात डेफिसिट राउंड रॉबिन चालवतो. पॅकेट गेले की त्याचा खर्च पानापासून मुळापर्यंत सर्व पूर्वजांच्या खात्यावर पडतो. त्यामुळे एखाद्या विभागाने एकूण किती वापरले हे कळण्यासाठी वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही.

बादलीचा आकार ही दुर्लक्षित पण महत्त्वाची बाब आहे. कर्नलचा टायमर दर १० मिलिसेकंदांनीच जागा होत असेल तर १० एमबीपीएस गाठण्यासाठी प्रत्येक खेपेला १२,५०० बाइट्स एकदम सोडावे लागतात. बादली त्याहून लहान असेल तर मधले टोकन सांडतात आणि वर्ग हमीपर्यंत कधीच पोचत नाही. आजचे टायमर पुष्कळ सूक्ष्म आहेत, तरी लिंक गिगाबिटची झाली की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. उलट बादली फार मोठी ठेवली तर बराच वेळ गप्प बसलेला वर्ग एकदम लोंढा सोडतो आणि शेजारच्या कॉलमधला आवाज तुटतो.

एचटीबी चुका पकडत नाही, त्या निमूटपणे अमलात आणते. मुलांच्या हमींची बेरीज पालकाच्या हमीपेक्षा जास्त भरली तर ती तक्रार करत नाही: प्रत्येक पान आपल्या हक्कावर पाठवत राहते आणि पालकाची मर्यादा कागदावरच राहते. वर्ग थेट मुळाला टांगले आणि त्यांच्या डोक्यावर एक सामाईक पालक ठेवला नाही, तर त्यांना एकमेकांकडून काहीच उसने घेता येत नाही. आणि कोणत्याच वर्गात न बसणाऱ्या पॅकेट्ससाठी मूलभूत वर्ग नेमला नसेल तर ती पॅकेट्स शेपिंगला बगल देऊन थेट नेटवर्क कार्डाच्या वेगाने बाहेर पडतात. नव्याने झाड आखणारे बहुतेक जण या तीनपैकी एका खड्ड्यात पडतातच.

विलंबाचा वाटा

दराची वाटणी झाली म्हणजे विलंबाचीही झाली असे नाही. दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइट्सचे पॅकेट पाठवणाऱ्या आवाजाच्या प्रवाहाला ६४ केबीपीएस पुरतात. पण त्याला नेमकी तेवढीच हमी दिली तर एक पॅकेट त्या दराने पार व्हायला २० मिलिसेकंद लागू शकतात. विलंब कमी करायचा तर हमी वाढवायची, आणि वाढवलेली हमी बहुतेक वेळ पडून राहणार, असा हा पेच आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील इयॉन स्टोइका, हुई झांग आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या एचएफएससी (हायरार्किकल फेअर सर्व्हिस कर्व्ह) पद्धतीने तो सोडवला. तिच्यात हमी एका दराऐवजी दोन उतारांच्या वक्राने दिली जाते: वरील प्रवाहाला पहिले ५ मिलिसेकंद २५६ केबीपीएस आणि नंतर ६४ केबीपीएस, म्हणजे पॅकेट ५ मिलिसेकंदांत निघून जाते आणि दीर्घकालीन वाटा तेवढाच राहतो. ही घाई फुकटची नसते, दुसऱ्या कोणाला तरी तेवढा वेळ थांबावे लागते. शिवाय पानांच्या वेळेच्या हमी आणि झाडातील प्रत्येक पातळीची न्याय्य वाटणी या दोन्ही गोष्टी प्रत्येक क्षणी एकत्र पाळणे शक्य नसते, हे मांडणाऱ्यांनीच दाखवले. तसा प्रसंग आला की एचएफएससी पानांच्या हमींना झुकते माप देते. गणिताच्या दृष्टीने ती एचटीबीपेक्षा देखणी आहे, पण वक्र कसा निवडावा हे समजायला वेळ लागत असल्यामुळे व्यवहारात एचटीबीच अधिक दिसते.

रांग कोठे साचते

शेपिंगचा अंमल फक्त आपल्या रांगेवर चालतो. घरगुती किंवा छोट्या कार्यालयातील लिंकवर रांग बहुधा राउटरमध्ये साचत नाही, ती मोडेममध्ये साचते. अपलोड १ एमबीपीएस आणि मोडेमचा बफर (पॅकेट्स साठवण्याची जागा) २५६ किलोबाइट्स असेल तर भरलेल्या बफरच्या शेवटी उभे राहिलेले पॅकेट दोन सेकंदांहून अधिक काळ तिष्ठत राहते, आणि राउटरमधले नीट आखलेले झाड त्या वेळी नुसते शोभेचे असते. म्हणून मुळाचा दर लिंकच्या खऱ्या दरापेक्षा थोडा कमी, साधारणपणे ९० ते ९५ टक्के, ठेवतात, जेणेकरून रांग आपल्या ताब्यातील जागी सरकावी. खरा दर मोजताना पॅकेटभोवतीचे वेष्टनही धरावे लागते. इथरनेटवर ६४ बाइट्सची फ्रेम तारेवर ८४ बाइट्सची जागा घेते. एटीएम या सेलवाहक पद्धतीवर चालणाऱ्या डीएसएलमध्ये (टेलिफोनच्या तारेवरील इंटरनेटमध्ये) दर ५३ बाइट्सच्या सेलमागे ४८ बाइट्सच कामाचे असतात. हे न धरता लावलेला दर मोठ्या पॅकेट्सना बरोबर वाटतो आणि लहान पॅकेट्सची गर्दी झाली की कोसळतो.

डाउनलोडची बाजू याहून अवघड असते, कारण पॅकेट आपल्यापर्यंत पोचते तेव्हा त्याने अरुंद जागा ओलांडलेली असते. लिनक्समध्ये आत येणारी पॅकेट्स आयएफबी या आभासी इंटरफेसकडे वळवून तेथे झाड लावतात. त्याचा परिणाम अप्रत्यक्ष असतो: टीसीपीच्या (इंटरनेटवरील देवाणघेवाणीच्या एका नियमसंचाच्या) आधारे पाठवणारा उशीर किंवा गळती पाहून वेग कमी करतो, आणि जो पाठवणारा असे संकेत जुमानत नाही त्याच्यापुढे हा उपाय लंगडा पडतो.

पानांवर कोणती रांग ठेवायची हाही प्रश्न आहे. वर्गाला वाटा बरोबर मिळाला तरी त्याच्या आत साधी लांबलचक रांग असेल तर वर्गातल्या वर्गात जुनाच अन्याय चालू राहतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांची २०१२ ची कोडेल पद्धत रांगेची लांबी न पाहता पॅकेट किती वेळ थांबले ते पाहते, आणि तो वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आला नाही तर पॅकेट्स टाकू लागते. तिला फेअर क्यूइंगची जोड दिलेली एफक्यू-कोडेल आज एचटीबीच्या पानांवर सर्रास बसवली जाते. २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ मध्ये आलेल्या केक या पद्धतीने शेपर, यजमानांतील (जोडलेल्या संगणकांतील) वाटणी आणि प्रवाहांतील वाटणी एकाच घटकात गुंफली. येथेही मुद्दा पातळ्यांचाच आहे. वाटणी फक्त प्रवाहांत केली तर सोळा कनेक्शन उघडणाऱ्या संगणकाला एक कनेक्शन उघडणाऱ्याच्या सोळापट मिळते; आधी यजमानांत आणि मग प्रवाहांत वाटले तर ही पळवाट बंद होते. मात्र नॅटच्या (अनेक संगणकांना एकच पत्ता वापरू देणाऱ्या सोयीच्या) पलीकडून पाहणाऱ्याला अनेक यजमान एकाच पत्त्याचे दिसतात, तेव्हा झाड नॅटच्या कोणत्या बाजूला लावले आहे यावरही वाटणी अवलंबून असते.

प्रवाहांना समान दर देणे म्हणजे न्याय, या गृहीतकावरच बॉब ब्रिस्को यांनी २००७ मध्ये कडक टीका केली. क्षणाक्षणाचा दर पाहून काळानुसार केलेला एकूण वापर दिसत नाही आणि प्रवाह ही वस्तू कोणालाही हव्या तितक्या संख्येने निर्माण करता येते, असे त्यांचे म्हणणे होते. श्रेणीबद्ध पद्धत या आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला उत्तर देते, पहिल्याला नाही. दिवसभर लिंक भरून टाकणारा आणि दिवसातून एकदाच वेबपान उघडणारा हे दोघे त्या एका क्षणी तिच्या लेखी समान असतात.

इंटरनेट सेवादात्यांच्या यंत्रणेत झाड मोठे होते: पोर्ट, त्याखाली प्रवेश-जाळ्याची उपलिंक, त्याखाली ग्राहक आणि ग्राहकाखाली आवाज, व्हिडिओ व इतर सेवा. हजारो पानांचे झाड एकाच कुलुपाखाली (एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या बंधनाखाली) चालवले की ते प्रोसेसरच्या एका कोअरवर अडते. म्हणून वेगवान उपकरणांत हे काम चिपमध्ये करतात किंवा ग्राहकांचे गट पाडून प्रत्येक कोअरला वेगळे झाड देतात, आणि तसे केले की दोन झाडांत उसनवारी होत नाही. गूगलने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बीडब्ल्यूई या यंत्रणेत हीच श्रेणी एका लिंकच्या पलीकडे नेऊन डेटा सेंटरांमधल्या संपूर्ण जाळ्यावर बसवली आहे: वर ठरलेला वाटा खालच्या पातळ्यांना कळवला जातो आणि प्रत्यक्ष रोखणे पाठवणाऱ्या संगणकावरच, पॅकेट बाहेर पडण्याआधी, होते.