अकॉर्डियन केजनांच्या गाठोड्यात नव्हतं

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याच्या फ्रेंचभाषक केजन लोकांनी कॅनडातून हाकलले जाताना अकॉर्डियन सोबत आणलं, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा लावून पाहिल्या की ही गोष्ट ढासळते. ब्रिटिशांनी अकेडियातून, म्हणजे आजच्या पूर्व कॅनडातल्या भागातून, यांच्या पूर्वजांना हुसकावलं १७५५ पासून. अकॉर्डियनचं पेटंट व्हिएन्नात निघालं १८२९ साली!

नाचगाण्याला साथ होती ती फिडलची, म्हणजे व्हायोलिनचीच. अकॉर्डियन एकोणिसाव्या शतकात आलं, बरंचसं जर्मन स्थलांतरित आणि व्यापाऱ्यांमार्फत. आल्याआल्या ते सगळ्यांना रुचलं असंही नाही. सुरुवातीच्या वाद्यांच्या पट्ट्या फिडलशी जुळत नसत. पुढे सोयीची, सी आणि डी पट्टीची (आपल्याकडे सफेद एक, सफेद दोन म्हणतात तशी) वाद्यं मिळू लागली, तेव्हा जोडी जमली. उजव्या हाताला जेमतेम दहा बटणं. भाता दाबला की एक स्वर, ओढला की त्याच बटणातून दुसरा. (आपल्या पेटीतलं धातूचं पातंही असंच भात्याच्या हवेने थरथरतं, पण एका पट्टीतून एकच स्वर निघतो, तो बदलत नाही.)

१९२८ च्या पहिल्या केजन ध्वनिमुद्रणात वादक जो फाल्कन याच्या हाती अकॉर्डियनच होतं. पाठोपाठ क्रिओल, म्हणजे लुईझियानातल्या फ्रेंचभाषक कृष्णवर्णीय समाजातला, वादक अमेदे आर्दवां यानेही रेकॉर्ड केल्या. तरी १९३० च्या दशकात तंतुवाद्यांच्या ताफ्यांनी ते मागे सारलं. १९४८ नंतर अकॉर्डियनवादक आयरी लेज्यूनने ते पुन्हा पुढे आणलं.